बारा वर्षांच्या मुलीचा पाऊण तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकसभा झाली. सातवीच्या वर्गाबद्दल बोलताना "मुली फार उद्धट झाल्या आहेत" हे वाक्य तिथे चार-पाच वेळा ऐकायला मिळाले. वर्गशिक्षिकांनी ते म्हटले, दोन-तीन पालकांनी दुजोरा दिला, आणि खरे सांगायचे तर मीही मान डोलावली. घरी येताना मात्र आपण मान का डोलावली, याची रुखरुख लागून राहिली. गेल्या दीड-दोन वर्षांत माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या वागण्यात जो बदल मी पाहिला, त्याला उद्धटपणा म्हणणे सोपे असले तरी ते खरे नाही, अशी माझी आता खात्री झाली आहे. ती कशी झाली, हे इतर पालकांपुढे आणि शिक्षण विभागापुढे मांडावे आणि या वयाच्या मुलांची सकाळची शाळा पाऊण तास उशिरा भरवावी अशी विनंती करावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पाठवण्यापूर्वी ते मुलीला वाचायला दिले होते. तिने दोन वाक्ये काढायला सांगितली, ती मी काढली आहेत. उरलेल्या मजकुराला तिची हरकत नाही.

आम्ही डोंबिवलीत वन रूम किचनच्या घरात चौघे राहतो. माझ्या सासूबाई, आम्ही दोघे आणि मुलगी. शाळा सकाळी 7 ला भरते, त्यामुळे साडेसहाला रिक्षावाले काका इमारतीखाली हॉर्न वाजवतात आणि मुलीला साडेपाचला उठवावे लागते. दोन वेण्या, त्याही वर बांधलेल्या आणि लाल रिबिनी लावलेल्या, असा शाळेचा नियम आहे. जानेवारीतल्या एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. ती पाटावर बसल्या बसल्या पेंगत होती, तिचे डोके एकसारखे पुढे कलत होते आणि मी ते केसांना धरून मागे ओढत होते. एक वेणी झाल्यावर तिने आरशात पाहिले आणि भांग वाकडा गेलाय म्हणून सांगितले. गॅसवर पोळी होती, सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. "कोण बघायला बसलंय तुझा भांग?" एवढेच मी म्हणाले. तिने घातलेल्या वेणीची रिबीन ओढून काढली, कंगवा फेकला, "तू मला हातच लावू नकोस" असे ओरडली आणि भिंतीकडे तोंड करून हमसाहमशी रडू लागली. खाली हॉर्न वाजत होता. मी त्यानंतर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात 'उद्धट' हा शब्द होता आणि तो त्यातल्या त्यात सौम्य होता. त्या दिवशी ती डबा न घेता शाळेत गेली.

संध्याकाळी मी तिला जवळ घेऊन विचारले की सकाळी नेमके काय झाले होते. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मला माहीत नाही गं आई. भांगाचं काही नव्हतं. मला नुसतं रडू येत होतं." माझ्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर तिने त्याआधी कधी दिले नव्हते. आपल्याला काय होते आहे हे तिलाच कळत नव्हते, आणि आम्ही सगळे मात्र ती मुद्दाम करते आहे असे धरून चाललो होतो.

त्यानंतर मी आमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे तिला घेऊन गेले. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक आईला मुलगी नऊ-दहा वर्षांची असतानाच कोणीतरी सांगायला हवे. आपण मुलगी 'वयात आली' हे पाळी आल्यापासून मोजतो. शरीर त्याच्या कितीतरी आधीपासून कामाला लागलेले असते. मुलींमध्ये हे बदल साधारणपणे 8 ते 13 वर्षे या काळात केव्हाही सुरू होतात, आणि पहिली पाळी येते ती त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. मेंदूकडून निरोप सुटतो, अंडाशये इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करू लागतात, उंची झपाट्याने वाढते, अंगाची ठेवण बदलते, आणि हे सगळे चालू असताना मुलगी घरच्यांच्या लेखी लहानच असते. मेंदूतही फेरबदल चालू असतात. राग, भीती, लाज या भावना जिथे उसळतात तो भाग या वयात आधी तेजीत येतो. थांब, विचार कर, असे सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशी उलटून गेल्यावरही पक्का होत राहतो. बारा वर्षांच्या मुलीला 'स्वतःला आवर' म्हणताना जे अजून तिच्यापाशी पुरते आलेलेच नाही ते आपण तिच्याकडे मागत असतो.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. "आमच्या वेळी नव्हती हो ही थेरं," असे त्या सुरुवातीला म्हणत. त्यांचे वय 74, माहेर राजापूर तालुक्यातले. एका दुपारी दोघीच घरात असताना मी त्यांना विचारले, "आई, तुम्हाला त्या वयात रडू यायचं नाही का?" त्यावर त्या जे बोलल्या ते मला अनपेक्षित होते. पाळीच्या चार दिवसांत त्यांना मागच्या पडवीत बसवत, ताट लांबून सरकवत, लहान भावंडांना 'कावळा शिवला' म्हणून सांगत. "रडू यायचं तर. खूप यायचं. कोणी विचारायला येत नसे, पण रडायला जागा होती. तुझ्या लेकीला या घरात रडायला जागा कुठे आहे?"

त्या बाहेर बसण्यात बायकांचा जो अपमान होता तो मला पुसून टाकायचा नाही, आणि ती रीत कोणाच्याही घरात परत येऊ नये असेच मला वाटते. पण सासूबाईंनी नेमके आमच्या घरातल्या उणिवेवर बोट ठेवले होते. आमची मुलगी गेले वर्षभर एक गोष्ट करत होती, आणि तिच्यावरून आम्ही तिला अनेकदा रागावलो होतो. बाहेरच्या खोलीत कोपऱ्याला लोखंडी कपाट आहे. त्याचे दार पूर्ण उघडले की दार, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची जागा तयार होते. शाळेतून आली की ती कपाटाचे दार उघडून त्या जागेत खाली बसायची, कधी पुस्तक घेऊन, कधी नुसतीच. "दार बंद कर, झुरळे शिरतील" असे आम्ही म्हणायचो. ती तिची खोली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. आता तिथे तिच्या बाबांनी एक दांडी ठोकून जुन्या साडीचा पडदा लावला आहे आणि पडदा ओढलेला असेल तर कोणीही हाक मारायची नाही, असा घरात नियम आहे. शहरातल्या ज्या घरांत मुलींना स्वतंत्र खोली देणे शक्य नाही, आणि अशीच घरे जास्त आहेत, तिथे एक पडदा लावायला फारसा खर्च येत नाही.

वडिलांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण या काळात घरातली पुरुष माणसे कळत नकळत मागे सरकतात. ती दहा वर्षांची होईपर्यंत स्टेशनच्या पुलावर बाबांचा हात सोडत नसे. मग त्यांनाच अवघडल्यासारखे वाटू लागले आणि त्यांनी हात धरणे, शेजारी बसवून टीव्ही पाहणे, सगळेच कमी केले. त्यांच्या मनात तो तिचा मान राखणे होते. मुलीने मात्र आजीला विचारले होते, "बाबांना मी आवडत नाही का आता?" हे कळल्यावर त्यांनी दर रविवारी सकाळी भाजी आणायला तिला सोबत न्यायला सुरुवात केली. फार बोलणे होते असे नाही. पण आता पॅड संपले तर ती बाबांना तसे सांगू शकते, आणि ते औषधाच्या दुकानातून कागदात न गुंडाळता घेऊन येतात.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, तीही मला आधी सुचली नव्हती. तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन 9.6 निघाले. बारा वर्षांवरील मुलींमध्ये ते 12 पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात. सतत थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, जिना चढताना लागणारी धाप, हे सारे आम्ही आळसाच्या खात्यात टाकले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 19 वयोगटातील 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे वर्गात ज्या मुलींना आपण कुरकुऱ्या आणि उद्धट म्हणतो, त्यांतल्या कितीतरी जणींचे रक्तच कमी असणार. शाळांमधून आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देण्याची सरकारची योजना आहे आणि ती चांगली आहे. मात्र मळमळते म्हणून मुली ती गुपचूप दप्तरात टाकतात, असे माझ्या मुलीनेच सांगितले. ती गोळी जेवणानंतर घ्यायची असते. तिच्या आगेमागे चहा घेतला तर लोह नीट अंगी लागत नाही आणि सोबत लिंबू असेल तर चांगले लागते, एवढे जरी शिक्षकांनी वाटताना सांगितले तरी बऱ्याच गोळ्या दप्तरातून पोटात जातील. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांनी तीन महिन्यांत आमच्या मुलीचे हिमोग्लोबिन 11.4 वर आले आहे.

प्रत्येक बदल वयावर ढकलू नये, हेही डॉक्टरांनी बजावले. या वयातले मन लाटांसारखे असते. सकाळी रडलेली मुलगी दुपारी मैत्रिणीशी खिदळत असते. पण उदासी दोन-दोन आठवडे हटत नसेल, जेवण आणि मैत्रिणी दोन्ही सुटले असेल, अंगावर ओरखडे वा जखमा दिसत असतील किंवा 'मी नसलेलीच बरी' असे काही ती बोलत असेल, तर तो वयाचा लहरीपणा समजून थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याविषयी फोनवरून सल्ला देणारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतूनही मिळते, आणि राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाची सल्लाकेंद्रे आहेत.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले त्या झोपेविषयी. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि आपल्याला झोप येऊ लागते. वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये हे स्रवणे एक ते दोन तास पुढे सरकते. लहानपणी नऊला आडवी होणारी मुलगी बारा-तेराव्या वर्षी साडेदहा-अकरापर्यंत जागी राहते ती नेहमी हट्टाने नव्हे. तिला तेव्हा झोप येतच नाही. मोबाईलने हे अधिक बिघडते, यात शंका नाही, आणि म्हणून आमच्याकडे साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, फ्रीजवर ठेवले जातात. तरीही तिला अकरानंतरच झोप लागते. साडेपाचला उठवायचे म्हणजे सहा-साडेसहा तास झोप झाली. या वयाला निदान नऊ तास लागतात. दिवाळीच्या सुट्टीत ती साडेआठपर्यंत झोपत होती आणि ते पंधरा दिवस घरात एकही भांडण झाले नव्हते. तेव्हा सुट्टीमुळे ती खुशीत आहे असे मला वाटले होते. आज मागे पाहताना वाटते की ती फक्त पुरेशी झोपलेली होती.

8 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने परिपत्रक काढून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असे सांगितले. त्याच्या दोन महिने आधी तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना जाहीरपणे केली होती. लहान मुलांसाठी हा निर्णय चांगला झाला आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पण आमच्या मुलीच्या शाळेसारख्या एका इमारतीत दोन सत्रे भरवणाऱ्या शाळेत त्याचा परिणाम काय झाला, हे पाहायला हवे. पूर्वी तिथे प्राथमिक विभाग सकाळी आणि पाचवीपासून पुढचे वर्ग दुपारी भरत. लहान मुलांना सकाळी बोलावता येत नाही म्हटल्यावर दोन्ही सत्रांची अदलाबदल झाली. माझी मुलगी पाचवीत असताना शाळा दुपारची होती. ती सहावीत गेली, शरीरातले बदल सुरू झाले, झोप पुढे सरकली, आणि नेमकी त्याच वर्षी शाळा सकाळी 7 वर आली. तिच्या चिडचिडीचे सगळे खापर मी शाळेच्या वेळेवर फोडत नाही. पण ज्या वयाला पहाटेची झोप सर्वांत जास्त लागते त्याच वयाची पहाट आपण काढून घेतली, आणि वर त्या मुलींनाच उद्धट म्हणतो आहोत.

हा प्रश्न एकट्या आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्यात 2022 पासून कायद्यानेच या शाळांच्या वेळा पुढे गेल्या. आपल्याकडे खोल्या कमी आणि मुले जास्त, त्यामुळे एकदम साडेआठ मागणे व्यवहाराला धरून होणार नाही, याची मला जाणीव आहे. नोकरीला जाणाऱ्या अनेक आईवडिलांना सकाळची शाळा सोयीची वाटते, कारण आपण बाहेर पडण्याआधी मूल शाळेत पोहोचलेले असते. मी स्वतः त्यांच्यातलीच एक आहे. म्हणून मी फक्त पाऊण तास मागते आहे, आणि तो बसतो की नाही याचे गणितही मांडून पाहिले आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन व्हावे लागते. म्हणजे दिवसाला सुमारे साडेचार तास. शाळा 7 ऐवजी 7.45 ला भरवली, 12.40 ला सोडली आणि मधली सुट्टी 20 मिनिटांची ठेवली, तर रोज 4 तास 35 मिनिटे अध्यापन होते आणि कायद्याची अट पुरी होते. पहिली ते पाचवीसाठी 200 दिवस आणि 800 तास, म्हणजे रोजचे चार तास पुरतात. त्यामुळे दुपारचे सत्र 12.50 ला सुरू होऊन सव्वापाचला सुटू शकते आणि लहान मुले थंडीच्या दिवसांतही उजेडी घरी पोहोचतात. नववी-दहावीला विषयांचा भार जास्त असल्याने त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. पण निदान शाळा भरण्याच्याही आधी, सव्वासहाला बोलावले जाणारे जादा तास तरी पूर्ण बंद व्हावेत, आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत चालणाऱ्या खासगी क्लासेसनीही आपल्या वेळा आवरत्या घ्याव्यात.

हे गणित आम्ही अकरा पालकांनी सह्या करून शाळेला लेखी दिले आहे. मुख्याध्यापकांनी ते शांतपणे वाचले. वरून आदेश आल्याशिवाय वेळ बदलता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असेल. दरम्यान घरापुरता एक बदल आम्ही केला आहे. वेण्या आता सकाळी घालत नाही, रात्री साडेनऊला घालते. त्यामुळे सकाळची दहा-बारा मिनिटे वाचतात आणि तेवढी ती जास्त झोपते. रात्री ती पुरती जागी असते, मान ताठ असते, आणि कंगवा फिरत असताना आपण होऊन बोलते. मैत्रिणीशी अबोला का झाला, गणिताच्या तासाला काय झाले, मुलांनी उंचीवरून काय चिडवले, हे सगळे मला पाठमोरे ऐकायला मिळते. समोर बसवून विचारले असते तर यातले निम्मेही तिने सांगितले नसते.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की 2024 च्या परिपत्रकाचा विस्तार पाचवी ते आठवीपर्यंत करावा. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना 9 ची अट घालता येत नसेल तर किमान पावणेआठची घालावी, आणि हा आदेश जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी, वेळापत्रके आणि रिक्षांच्या फेऱ्या ठरण्यापूर्वी काढावा. ज्या पालकांच्या घरी हाच अनुभव आहे त्यांनी आपापल्या शाळेला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. आपल्या दैनिकाने याबाबत बालरोगतज्ज्ञांची आणि शिक्षकांची मते छापली तर आम्हा पालकांना त्याचा फार आधार होईल.

मुलगी अजून त्याच शाळेत शिकत असल्यामुळे माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक आई
डोंबिवली (पूर्व)